सहावी वही

"माझ्या वडिलांना पक्षानं फितूर ठरवलं, ते मी बावन्न वर्षं गिळलं. आज मला चोर ठरवलंय. हे मात्र घशाखाली उतरत नाही."

दारात उभ्या उभ्या एवढं बोलून ती बाई मग खुर्चीत टेकली. साठीची, ताठ कण्याची. हातांची कातडी वर्षानुवर्षं औषधी पाण्यानं धुऊन कोरडी पडलेली.

"तुम्ही रुग्णालयात होतात," ताई म्हणाली.

"छत्तीस वर्षं. सगळे सिस्टर म्हणतात. तुम्हीही तेच म्हणा."

ताईनं तीस वर्षं विमा कंपनीत खोटे दावे पकडले होते. निवृत्त झाल्यावर तिनं खाजगी तपासाची पाटी लावली आणि लोक तिला तपासबाई म्हणू लागले. तिचा धाकटा भाऊ शाळेतून निवृत्त झालेला, विधुर. तो तिच्याकडेच राहायचा. त्याला सगळे मास्तर म्हणत. मास्तर चहा करत, टिपणं घेत आणि ताईच्या मते दहापैकी नऊ वेळा भलत्याच माणसाला गुन्हेगार ठरवत.

आज मात्र टिपणं घेताना मास्तरांचा हात जड झाला होता. विसाव्या वर्षापासून त्यांनी याच पक्षासाठी भिंती रंगवल्या होत्या, सभांच्या सतरंज्या उचलल्या होत्या. पक्षाला शंभर वर्षं पूर्ण होत होती आणि त्याचा अधिकृत इतिहास छापायला निघाला होता, हे त्यांना वर्तमानपत्रातून आधीच माहीत होतं.

"बंदीचा काळ आठवतो?" सिस्टरनं विचारलं.

"मी तेव्हा शाळेत होतो," मास्तर म्हणाले. "दोन वर्षं पक्षावर बंदी होती. पुढारी भूमिगत होते."

"माझे वडील मुद्रक होते. पक्षाची गुप्त पत्रकं एका तळघरात छापायचे. सातव्या महिन्याच्या सहा तारखेला तिथं धाड पडली. नऊ जण पकडले गेले, त्यातले दोघं तुरुंगातून परत आलेच नाहीत. वडील तेवढे सुटले, कारण त्या दिवशी ते तळघरात नव्हतेच. मला ताप भरला होता, म्हणून घरी आले होते. मी आठ वर्षांची होते."

तिनं पिशवी मांडीवर घेतली. "त्या तापावरून आमचं घर बसलं. पत्ता त्यांनीच फोडला असं ठरलं. अकरा दिवसांनी कार्यकारिणीनं त्यांना काढून टाकल्याचा ठराव केला. बंदी उठल्यावर तो जाहीर झाला. लोक आमच्या दारावर थुंकायचे. तीन वर्षांत वडील गेले."

तिनं पिशवीतून एक जुनी स्मरणिका काढली. पक्षाच्या पंचाहत्तरीची. मधल्या पानावर त्या ठरावाचं छायाचित्र होतं. हातानं लिहिलेलं पान, डावीकडे झुकलेली अक्षरं, खाली सात सह्या. वर तारीख: सतरा, सातवा महिना. लिहिणाऱ्याची एक लकब होती, प्रत्येक सातच्या पोटात त्यानं बारीक आडवी रेघ मारली होती.

"यात 'विश्वसनीय माहितीवरून' एवढाच पुरावा आहे," सिस्टर म्हणाली. "इतिहासात हे पुन्हा छापलं जाण्याआधी फेरविचार करा, म्हणून मी वर्षभर अर्ज करत होते. शेवटी या सोमवारी बारा वाजता विषय घेऊ म्हणाले. पण नियम असा, की मूळ इतिवृत्त समोर असल्याशिवाय जुना ठराव बदलता येत नाही. शुक्रवारी मला ते पाहायला बोलावलं. महिन्याभरापूर्वीच दिवस ठरला होता. मी गेले, पाहिलं, परत आले. आणि आज सकाळी कळलं, इतिवृत्ताची ती वही जागेवर नाही."

"तुम्ही एकट्या होतात त्या खोलीत?"

"दप्तरखाना सांभाळणारे दप्तरदारकाका पाणी आणायला गेले होते, तेवढी दहा मिनिटं. पक्षाचे चिटणीस म्हणतात, तेवढ्यात मी वही पिशवीत घातली. जी वही मला हवीच होती, ती मी कशाला पळवू?"

"इतकी साधी गोष्ट त्यांना कळत नसेल?" मास्तर न राहवून म्हणाले.

"कळून घ्यायची नसली की सोनंही पितळ दिसतं, मास्तर."

*

रविवारी सकाळी दोघं पक्षाच्या मुख्य कचेरीत गेली. फाटकावरच्या पहारेकऱ्यानं आत जातानाच ताईची पर्स उघडून पाहिली.

"बाहेर पडतानाही बघता?" ताईनं विचारलं.

"बाहेर पडतानाच जास्त! गेल्या वर्षी जुने फोटो गेले, तेव्हापासून मी कुणालाच सोडत नाही. दप्तरदारकाकांचा जेवणाचा डबासुद्धा उघडतो."

"आणि शुक्रवारी सिस्टरची पिशवी?"

"आतून बाहेर उलटी केली. औषधाच्या गोळ्या, चष्मा, रुमाल. बाई, ती वही ताटाएवढी आहे. माणूस पोटाला बांधूनही नेऊ शकणार नाही. चिटणीससाहेबांना हे सांगितलं, तर म्हणाले, तुझा डोळा लागला असेल."

जिन्यात जुन्या पुढाऱ्यांच्या तसबिरी ओळीनं लावल्या होत्या. एका तसबिरीपाशी मास्तर सवयीनं थबकले. कृश चेहरा, मऊ डोळे. त्यांना सगळे आबा म्हणत. खाली पितळी पट्टीवर लिहिलं होतं: 'बंदीच्या काळात, अज्ञातवासात निधन. बंदी उठलेली त्यांना पाहता आली नाही.'

"यांच्या गोष्टी ऐकून मी पक्षात आलो," मास्तर हळूच म्हणाले. "त्या ठरावावर यांची सही आहे, ताई. आबा खोटं करणार नाहीत."

ताईनं पट्टी वाचली आणि पुढची पायरी चढली.

दप्तरखाना दुसऱ्या मजल्यावर होता. गज लावलेली एक खिडकी, एक लांब टेबल, आणि भिंतीत बसवलेलं लोखंडी कपाट. दप्तरदारकाका सत्तरी ओलांडलेले होते. पाठ वाकलेली, बोटांच्या पेरांवर वाळलेल्या गोंदाचे पापुद्रे. त्यांनी डाव्या हातानं कुलूप काढलं.

"किल्ल्या दोन," ते म्हणाले. "एक माझ्या गळ्यात, एक चिटणीससाहेबांकडे. शुक्रवारी त्या बाई गेल्यावर मी सहावी वही आत ठेवली. शनिवारी इतिहास लिहिणाऱ्या प्राध्यापकांनी कपाट उघडायला लावलं, तर जागेवर नव्हती."

"बाहेर टेबलावरच राहिली असेल?"

"नाही. मीच ठेवली. चिटणीससाहेब म्हणतात, मला नीट आठवत नसेल." काकांनी नजर खाली वळवली.

कपाटात कार्यकारिणीच्या इतिवृत्तांच्या वह्या उभ्या होत्या. प्रत्येकीच्या पाठीवर काकांच्या हातची चिठ्ठी, अक्षर डावीकडे कललेलं. एक ते पाच, मग सात ते बारा. सातच्या पोटात बारीक आडवी रेघ होती.

"तुम्ही इथं किती वर्षं आहात, काका?" ताईनं विचारलं.

म्हाताऱ्याचा चेहरा उजळला. "बंदी उठली आणि दुसऱ्याच सोमवारी मी या खुर्चीत बसलो. एक दिवस मागं नाही, एक दिवस पुढं नाही. त्याआधी मी गावी पुस्तकबांधणीचं काम करायचो. म्हणून तर या सगळ्या वह्या अजून धड आहेत. हे बघा." त्यांनी टेबलाखालची पेटी उघडली. आत जुनी पत्रकं, फाटकी निमंत्रणं, सभांची अर्धवट तिकिटं. "लोक म्हणतात, रद्दी आहे, जाळा. मी म्हणतो, ज्यानं कागद जाळला, त्यानं माणूस जाळला. माझ्या हातून एक चिटोरं कधी गेलं नाही."

"आणि हा गोंदाचा वास?"

"चौथ्या वहीची पाठ सुटली होती. शुक्रवारी संध्याकाळी बांधून टाकली. ती स्कॅनवाली माणसं येणार, धसमुसळी असतात. पान सुटून आलं तर?"

ताईनं मास्तरांकडे पाहिलं. "दहावी वही काढ जरा."

मास्तरांनी एका हातानं ओढली, ती हलेना. मग दोन्ही हातांनी हिसका दिला तेव्हा कुठं निघाली. ताईनं वही चाळल्यासारखं केलं आणि परत दिली. ती आत बसवताना मास्तरांना घाम फुटला.

*

इतिहास लिहिणारे प्राध्यापक शेजारच्या खोलीत मुद्रितं तपासत बसले होते. पन्नाशीचा, सडपातळ, सतत पेनाचं टोपण चघळणारा माणूस.

"नवव्या प्रकरणात मी एकच वाक्य लिहिलं होतं," ते म्हणाले. "'या ठरावाला कोणताही पुरावा जोडलेला आढळत नाही.' चिटणिसांनी कापलं. मी पुन्हा घातलं. त्यांनी पुन्हा कापलं. तिसऱ्यांदा घालण्याचा धीर मला झाला नाही. मला अजून दोन मुलींची शिक्षणं करायची आहेत."

"वह्या स्कॅन करायचं कुणी ठरवलं?"

"मी सुचवलं. गुरुवारी दुपारी आम्ही तिघं बसलो होतो, चिटणीस, दप्तरदारकाका आणि मी. मी म्हटलं, पहिल्या पुठ्ठ्यापासून शेवटच्या पुठ्ठ्यापर्यंत सगळं घ्या. कोरी पानं, पुठ्ठ्याच्या आतली बाजू, सगळं. जुने लोक कुठंही काहीबाही लिहून ठेवतात. मंगळवारी माणसं येणार आहेत."

"याआधी त्या वह्यांची प्रत कधी निघाली होती?"

"नाही. स्मरणिकेसाठी त्या एका पानाचा फोटो काढला, तेवढाच."

"शनिवारी काय झालं?"

"पाचव्या वहीत एक तारीख पडताळायची होती. ओढताना नख मोडलं, हे बघा. नेहमीचंच आहे. ते कपाट बरोबर बारा वह्यांच्या मापानं करून घेतलंय, बोट शिरत नाही. मग लक्षात आलं, पाचनंतर एकदम सात आहे."

बाहेर आल्यावर मास्तर कुजबुजले, "हाच तो, ताई. वाक्य कापलं म्हणून चिडलाय. वही बाहेर नेऊन छापणार."

"पहारेकऱ्याच्या नाकाखालून?"

मास्तरांनी टिपणात लिहिलेला 'प्राध्यापक' खोडला.

चिटणीस वरच्या मजल्यावर भेटले. बंदीच्या काळातले अध्यक्ष, ज्यांना सगळा पक्ष थोरले साहेब म्हणायचा, त्यांचे हे नातू. बोलणं मधासारखं, घड्याळाकडे लक्ष.

"मला वही चोरून काय मिळणार, बाई? ठरावाचा मजकूर सगळ्यांना पाठ आहे."

"मूळ वही नसेल तर फेरविचार होत नाही. तुमची डोकेदुखी गेली."

"ज्याची डोकेदुखी जाते तो दर वेळी चोर नसतो. आणि खरं सांगू? फेरविचार झाला असता तरी ठराव कायमच राहणार होता. मतं मोजून ठेवली होती. मला वही असली काय, नसली काय."

मास्तरांना हे खरं वाटलं. एवढ्या वर्षांत पक्षाची मतं आधीच मोजून ठेवलेली असतात, हे त्यांना कुणी इतक्या सहज सांगितलं नव्हतं.

त्या संध्याकाळी ताई स्मरणिका मांडीवर घेऊन बसली होती.

"मला काही सुचत नाही," मास्तर म्हणाले. "सगळ्यांकडे कारण आहे आणि कुणाकडेच नाही."

"उलट बाजूनं बघ. मजकूर गेली पंचवीस वर्षं छापील आहे. तो लपवण्यात अर्थ नाही. मग वही कुणाला नको होती?"

"तेच तर विचारतोय."

"मजकुराला भिणारा माणूस वेगळा आणि कागदाला भिणारा वेगळा," ताई म्हणाली. मग जरा वेळानं, अगदी निराळ्या आवाजात, "धाकट्या, उद्या तू नाही आलास तरी चालेल."

मास्तरांना ते लागलं. "येणार," ते म्हणाले.

*

सोमवारी दहा वाजता दप्तरखान्यात सहा माणसं जमली. चिटणीस खुर्चीत, प्राध्यापक खिडकीपाशी, सिस्टर दाराजवळच्या स्टुलावर, दप्तरदारकाका कपाटाला टेकून. मास्तर ताईच्या मागं उभे राहिले.

"बारा वाजता बैठक आहे," चिटणीस म्हणाले.

"त्याआधी वही मिळेल," ताई म्हणाली. "ती या खोलीबाहेर गेलीच नाही."

"आम्ही सगळी खोली धुंडाळली."

"तुम्ही सहावी वही शोधत होतात, म्हणून ती दिसली नाही. हे कपाट बारा वह्यांच्या मापाचं आहे. बारा असताना त्यात बोट शिरत नव्हतं. एक गेल्यावर उरलेल्या सैल पडायला हव्या होत्या. पण शनिवारी प्राध्यापकांचं नख मोडलं, आणि काल माझ्या भावाला एक वही काढताना घाम फुटला. वह्या अकरा आणि जागा तितकीच भरलेली. याचा अर्थ एकच. अकरातली एक वही जाड झाली आहे."

ताईनं कपाटाकडे बोट केलं.

"शुक्रवारी संध्याकाळी एकाच वहीला हात लागला होता. काका, चौथी वही काढता?"

काकांनी ती काढली. दोन्ही हातांनी धरून टेबलावर ठेवली. पाठीचं कापड नवं होतं.

"मी कापायला गेले तर पान फाटेल," ताई म्हणाली. "तुम्हीच सोडवा."

म्हाताऱ्यानं खणातून बांधणीची पातळ सुरी काढली. सुरी टाक्यावर टेकली तसा त्याचा हात सवयीनं चालू लागला. टाके एकेक करून निघाले, नवं कापड गळून पडलं, आणि चौथ्या वहीच्या मागून दुसरी वही वेगळी झाली. पुठ्ठ्यासकट, जशीच्या तशी.

"बघा!" प्राध्यापक ओरडले.

"चोर सापडला," चिटणीस थंडपणे म्हणाले. "काका, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती."

"थांबा. कशासाठी, ते विचारा की," ताई म्हणाली. "सिस्टर येणार हे महिनाभर ठरलेलं होतं. काकांनी वही बिनधास्त त्यांच्या पुढ्यात ठेवली. त्यांना सिस्टरची भीती नव्हतीच. गुरुवारी दुपारी नवीन काय घडलं? स्कॅनिंग ठरलं, पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूसकट. काकांना भीती होती ती पुठ्ठ्याची."

तिनं वही उलटी केली आणि मागचा पुठ्ठा उघडला. तळाशी, अस्तराच्या कागदावर, बारीक टाइपात वही तयार करणाऱ्या कारखान्याचं नाव छापलं होतं. पुढं साल.

"वाच," ताई म्हणाली.

मास्तरांनी वाकून वाचलं. मग पुन्हा वाचलं. "हे... हे बंदी उठल्यानंतरचं साल आहे. ठरावाच्या दोन वर्षांनंतरचं."

"म्हणजे ज्या दिवशी ठराव झाला म्हणतात, त्या दिवशी ही वही जन्मालाही आली नव्हती."

"नक्कल असेल," चिटणीस म्हणाले. "कच्च्या कागदावरून नंतर उतरवून घेतली असेल."

"मग खाली आबांची सही कशी? ते बंदीतच वारले. जिन्यातल्या पट्टीवर तुम्हीच कोरून ठेवलंय. मेलेला माणूस नव्या वहीत सही करायला येत नाही. आणि हे अक्षर बघा. डावीकडे झुकलेलं, सातच्या पोटात रेघ. हेच अक्षर या कपाटातल्या प्रत्येक चिठ्ठीवर आहे. काका अभिमानानं सांगतात, बंदी उठल्यावरच्या दुसऱ्या सोमवारी मी इथं लागलो, एक दिवस मागं नाही. मग बंदीतल्या बैठकीचं इतिवृत्त त्यांच्या हातचं कसं?"

मास्तरांनी आबांच्या सहीवर बोट ठेवून ती पुन्हा वाचली.

"काका," ताई म्हणाली, "वही नष्ट करणं तुम्हाला सोपं होतं. पण तुम्ही कागद जाळत नाही. आणि फाटकावरून ती बाहेर नेता येत नव्हती. तेव्हा तुम्ही तुमच्या हातात होतं ते केलंत. इथवर मी समजू शकते. पण चोरीचा आळ सिस्टरवर आला तेव्हाही वही कुठं आहे हे तुम्ही सांगितलं नाहीत. बापावर एकदा, लेकीवर दुसऱ्यांदा. ते का?"

काकांनी सुरी खाली ठेवली.

"तशी बैठक कधी झालीच नाही," ते म्हणाले. "निवडणूक तोंडावर होती. सभेत लोक विचारायचे, नऊ पोरं कुणी पकडून दिली? थोरल्या साहेबांनी मला केबिनमध्ये घेतलं, नवी वही दिली आणि सांगितलं, लिही. आबांची सहीसुद्धा मीच केली. बाकीच्या सहा जणांनी नंतर येऊन आपापली केली, एकानंही वाचून पाहिलं नाही. मी एकवीस वर्षांचा होतो. मला वाटलं, पक्षासाठी करतोय."

"मग पत्ता कुणी फोडला होता?" हे सिस्टरनं विचारलं. इतक्या वेळात तिनं पहिल्यांदाच तोंड उघडलं होतं.

"कुणीच नाही, बाई." म्हातारा म्हणाला. "फितूर असा कुणी नव्हताच. धाडीच्या तीन दिवस आधी साहेब स्वतःच्या गाडीतून तळघरात गेले होते. त्यांच्या भाषणाचं पत्रक निघणार होतं, छापण्याआधी ते डोळ्यांनी बघायचं होतं. सगळ्यांनी नको म्हटलं होतं. पोलीस गाडीच्या मागावर होते. साहेब हे मला स्वतःच बोलले. आणि मग म्हणाले, पुढारी चुकला असं लोकांना सांगितलं तर पक्ष बुडतो. एक फितूर सापडला तर पक्ष वाचतो."

"आणि माझेच वडील का?"

"ते एकटेच बाहेर होते म्हणून."

सिस्टरचे हात मांडीवर सरळ पडले होते.

"ते आले होते इथं," काका पुढं म्हणाले. कुणी विचारलं नव्हतं. पण एकदा टाका उसवला की सगळंच सुटत जातं. "ठराव जाहीर झाल्यावर. तीन दिवस खालच्या बाकावर बसून होते, मला एकदा बोलू द्या म्हणून. साहेब आहेत का, असं मला विचारायचे. मी नाहीत म्हणायचो. साहेब वरच असायचे."

"मला माहीत आहे," सिस्टर म्हणाली. "मी बरोबर होते. तुम्ही मला पाणी दिलं होतंत."

दप्तरदारकाकांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

*

पहिल्यांदा भानावर आले ते चिटणीस. त्यांनी सहावी वही मिटून आपल्याकडे ओढली.

"तपासबाई, तुमचे आभार मानले पाहिजेत. सिस्टर, चोरीचा आरोप आम्ही मागं घेतो."

"आणि ठराव?" मास्तर म्हणाले. आपण इतक्या मोठ्यानं बोललो हे त्यांना नंतर कळलं.

"कुठला ठराव?" चिटणिसांनी शांतपणे विचारलं. "आत्ताच सिद्ध झालं ना, बैठक झालीच नाही? जो ठराव झालाच नाही, तो मागं कसा घेणार? बनावट वही हे पक्षाचं दप्तर होत नाही. तेव्हा आजच्या बैठकीत हा विषयच उरत नाही."

"मग तसं जाहीर करा! निदान इतिहासात लिहा!"

"पक्षाच्या शंभराव्या वर्षी, निवडणुकीच्या तोंडावर, माझ्या आजोबांबद्दल?" चिटणीस उठले. "नवव्या प्रकरणातून तो परिच्छेद काढून टाकू. सिस्टरचं म्हणणं तेच होतं ना, ते छापू नका म्हणून? सर, एवढं करून घ्या."

सगळ्यांनी प्राध्यापकांकडे पाहिलं. त्यांनी तोंडातलं पेनाचं टोपण काढलं, पुन्हा घातलं आणि मान हलवली.

चिटणीस वही काखेत घेऊन गेले. दारात थांबून म्हणाले, "काका, किल्ली पहारेकऱ्याकडे द्या. आता विश्रांती घ्या तुम्ही."

ताई जागची हलली नव्हती. तिनं असंख्य गुन्हे उलगडले होते, आणि प्रत्येक वेळी शेवटी कुणाचा तरी चेहरा पडायचा. आज ज्याचा पडायला हवा होता, तो शीळ घालत जिना चढत होता.

"माझं चुकलं, सिस्टर," ती म्हणाली. "ठराव खोटा आहे हे मला कळलं होतं. तो खोटा ठरला की तुमच्या हातात काय उरेल, याचा विचार मी केला नाही."

"तुम्ही खरं शोधलंत," सिस्टर म्हणाली. "त्याला तुम्ही काय करणार."

त्यानंतरच्या आठवड्यात मास्तर दोन वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांत गेले. पहिल्यानं कागद मागितला. कागद चिटणिसांच्या काखेत गेला होता. दुसऱ्याचा संपादक मास्तरांचा जुना विद्यार्थी निघाला. त्यानं उठून नमस्कार केला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "सर, सगळे मेलेले. आता वाचणार कोण?" दप्तरदारकाकांना साक्षीला उभं करावं म्हणून मास्तर त्यांच्या घरी गेले, तर सुनेनं दार उघडलं. म्हातारा भिंतीकडे तोंड करून झोपला होता आणि कुणाशी बोलत नव्हता. पुढच्या महिन्यात तो गेला. कचेरीवर पक्षाचा झेंडा अर्ध्यावर उतरवला होता.

इतिहास ठरल्या दिवशी निघाला. जाड, गुळगुळीत कागदाचा, दोन खंड. मास्तरांनी ग्रंथालयातून दुसरा खंड आणला आणि सिस्टरच्या घरी गेले. आपण का जातोय हे त्यांना सांगता आलं नसतं. ताई म्हणाली होती, नको जाऊस. पण कुणीतरी जायला हवं असं त्यांना वाटत होतं.

सिस्टरनं चष्मा लावला. नववं प्रकरण सापडायला वेळ लागला नाही. ती बोटानं एकेक ओळ वाचत गेली. तळघराचं वर्णन होतं. धाडीची तारीख होती. पकडलेल्या नऊ जणांची नावं होती, मेलेल्या दोघांच्या नावापुढं फुली होती. पत्रकं कोण छापायचं, याबद्दल 'पक्षाचा गुप्त छापखाना' एवढेच शब्द होते. तिनं पान उलटलं. मागची सूची काढली, वडिलांच्या आद्याक्षराखाली वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं. पुन्हा एकदा वरून सुरुवात केली.

"नाही," मास्तर म्हणाले. "मी पाहिलं. फितूर म्हणून कुठंच लिहिलेलं नाही."

सिस्टरनं पुस्तक मिटलं आणि त्याच्यावर हात ठेवला.

"आधी निदान फितूर म्हणून तरी नाव होतं, मास्तर," ती म्हणाली.